ऑस्ट्रेलिया एवढा श्रीमंत, मग रांगेत ही माणसं का? आणि यात धर्म नेमका कुठे येतो?

नेपियनकाठ (सिडनी)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगते, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतेय.

आम्ही सिडनीच्या पश्चिमेला राहतो, नऊ वर्षं झाली, २०२४ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि मे २०२५ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. परवा एका मित्राकडे बार्बेक्यूला जमलो होतो, तिथे इथल्या राजकारणाचा विषय निघाला. एक जण म्हणाला, हा देश श्रीमंत झाला तो ख्रिश्चन संस्कारांमुळे, कष्ट करा आणि कमवा ही शिकवण, आणि इथे येऊनही ज्याला जमत नाही तो आळशी. दुसरा म्हणाला, कसला धर्म नि कसलं काय, इथे राजकारणात धर्म नाहीच, जे काही आहे ते खाणींचं आणि घरांच्या किमतींचं. दोघं इतक्या खात्रीने बोलत होते की बाकीचे गप्प बसले. मीही गप्प बसले, आणि घरी आल्यावर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

कारण मी दर गुरुवारी संध्याकाळी जवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये किराणा वाटायला मदत करते. (मी हिंदू आहे, तिथे कोणी कधी विचारलं नाही.) आणि तिथे जे दिसतं ते या दोघांच्याही बोलण्यात बसत नाही. मागच्या महिन्यात रांगेत एक बाई होत्या. वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांचा गणवेश असतो ना, तो अंगात, वरून स्वेटर, आणि एवढ्या उकाड्यात स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पिशवी उचलताना वरचं बटण सुटलं, आतली नावाची पट्टी दिसली आणि त्यांनी पटकन स्वेटर ओढून घेतला. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. भाडं भरलं की उरत नाही, एवढंच म्हणाल्या आणि मग हळूच विचारलं, तांदूळ आहेत का. आता या बाईंना आळशी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तर मला विचारायचंय ते असं. देश एवढा श्रीमंत असताना ही रांग का आहे, ती सरकारऐवजी चर्च का सांभाळतंय, आणि तेच चर्च संसदेत आपलं वजन वापरतं का? कारण एकीकडे संसदेचं कामकाज आजही प्रभूच्या प्रार्थनेने सुरू होतं आणि दुसरीकडे २०२१ च्या जनगणनेत ३८.९ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असं लिहिलंय. मला खरंच समजून घ्यायचंय, पुढच्या वेळी गप्प बसायचं नाहीये.

आकडेमोड (ब्रिस्बेन)

तुमच्या दुसऱ्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. पैशाचं तेवढं मी सांगतो, धर्माबद्दल जाणकार बोलतीलच.

श्रीमंती एका रात्रीत नाही आली. डिसेंबर १९८३ मध्ये पंतप्रधान हॉक आणि अर्थमंत्री कीटिंग यांनी ऑस्ट्रेलियन डॉलर बाजारावर मोकळा सोडला, मग आयातकर टप्प्याटप्प्याने उतरवले, त्यात कितीतरी कारखाने बंद पडले, १९९०-९१ ची मंदी तर इतकी वाईट होती की त्या काळी बेकार झालेली माणसं अजून तिची आठवण काढतात. पण त्यानंतर २०२० पर्यंत, म्हणजे जवळजवळ २९ वर्षं, इथे मंदी आलीच नाही. कोविडने ती साखळी तोडली. या मधल्या काळात चीनने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बाराचं लोखंडाचं खनिज आणि क्वीन्सलँडचा कोळसा विकत घेतला, बाहेरून शिकलीसवरलेली माणसं आली (आपणच की), आणि १९९२ पासून प्रत्येक नोकरदाराच्या नावावर सुपर, म्हणजे निवृत्तीसाठीचा निधी, जमा व्हायला लागलं, तेव्हा ३ टक्के होतं ते जुलै २०२५ पासून १२ टक्के झालं. यात कष्ट आहेत, पण कष्ट काय फक्त एका धर्माचे लोक करतात?

आता विषमता. इथे पगारातली दरी आहेच पण खरी दरी मालमत्तेत आहे. वरच्या २० टक्के कुटुंबांकडे देशातली ६० टक्क्यांहून जास्त संपत्ती आहे आणि खालच्या २० टक्क्यांकडे १ टक्कासुद्धा नाही. आणि त्या संपत्तीतला मोठा भाग म्हणजे घरं. १९९९ मध्ये हॉवर्ड सरकारने असा नियम केला की वर्षभराहून जास्त ठेवलेली मालमत्ता विकली तर नफ्याच्या फक्त निम्म्या भागावर कर. त्याच्या जोडीला निगेटिव्ह गिअरिंग आधीपासून होतंच, म्हणजे भाड्याच्या घरावर तोटा दाखवायचा आणि तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करायचा. म्हणजे बघा, तुमच्या त्या बाई कमावतात त्या प्रत्येक तासाच्या मजुरीवर नेहमीच्या दराने कर, आणि त्या ज्या घरात भाड्याने राहतात ते घर मालकाने विकलं तर नफ्याच्या अर्ध्यावरच. सरकारी आणि संस्थांची स्वस्त घरं किती, तर एकूण घरांच्या ४ टक्क्यांच्या आसपास. मग ती रांग लागणार नाही तर काय होईल.

लेबर पक्षाने हे बदलायचं वचन दिलं होतं, २०१६ ला आणि २०१९ ला. दोन्ही वेळा हरले. २०१९ ची तर सगळे जिंकलेलीच धरून चालले होते. त्यानंतर २०२२ च्या निवडणुकीआधी पक्षाने ते वचनच सोडून दिलं. मला स्वतःला याचा त्रास होतो, कारण माझंही एक भाड्याने दिलेलं घर आहे आणि हा फायदा मीही घेतलाय, कायद्याने मिळत होता म्हणून. पण माझ्या मुलीच्या वयाच्या मुलांना सिडनीत १५ लाख डॉलरच्या घरासाठी कोण कर्ज देणार, आईबाप पाठीशी नसतील तर? हल्ली घर मिळणं हे आईबापांकडे घर आहे का यावर ठरतं, आणि हे ज्या देशात 'सगळ्यांना सारखी संधी' अभिमानाने म्हणतात तिथे.

जुनी_ट्राम (मेलबर्न)

मला इथे येऊन ३६ वर्षं झाली, आता निवृत्त आहे, तेव्हा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

'इथे राजकारणात धर्म नाही' हे वाक्य मी आपल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय. असं वाटतं कारण आपण धर्म म्हणजे मिरवणूक, घोषणा, दंगा असं धरून चालतो. इथला धर्म राजकारणात वावरतो तो पैशाच्या वाटपातून, मुख्यतः शाळांच्या पैशातून. देव आहे की नाही यावर इथे कोणी निवडणूक लढवत नाही, पण कोणाच्या शाळेला किती पैसा यावर सरकारं डळमळली आहेत.

राज्यघटनेचं कलम ११६ म्हणतं की केंद्राने कुठलाही धर्म अधिकृत करायचा नाही, कोणावर धर्माचरण लादायचं नाही, कोणाला धर्म पाळण्यापासून अडवायचं नाही आणि सरकारी पदासाठी धर्माची अट घालायची नाही. वाचायला स्वच्छ. पण त्या खाली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे भांडण होतं, आणि ते फक्त पूजेचं नव्हतं, ते वर्गाचं होतं. आयरिश कॅथलिक म्हणजे बहुतेक गरीब, गोदी कामगार, मजूर, लेबरचे मतदार. दुकानदार, बँकवाले, मोठे शेतकरी हे बहुतेक प्रोटेस्टंट. मी आलो तेव्हा शेजारी एक आयरिश वंशाच्या आजी होत्या, त्या सांगायच्या की त्यांच्या तरुणपणी नोकरीच्या जाहिरातीत 'कॅथलिकांनी अर्ज करू नये' असं सरळ छापलेलं असायचं.

१९५५ मध्ये लेबर पक्ष फुटला तो याच रेषेवर, कम्युनिस्टांना कामगार संघटनांतून हाकलायचं की नाही यावरून. मेलबर्नचे आर्चबिशप मॅनिक्स आणि कॅथलिक कार्यकर्ते सांतामारिया यांच्या बाजूचे कॅथलिक बाहेर पडले, त्यांचा डीएलपी (डेमोक्रॅटिक लेबर पार्टी) पक्ष झाला, आणि त्या पक्षाची दुसऱ्या पसंतीची मतं लेबरच्या विरोधातल्या लिबरल पक्षाकडे जात राहिली. लेबर १९४९ ला सत्तेतून गेला तो १९७२ पर्यंत बाहेरच. मग सांगा, धर्म नव्हता?

आणि शाळांचं तर ऐकाच. १९६२ मध्ये गोलबर्न नावाच्या गावात आरोग्य खात्याने एका कॅथलिक शाळेला सांगितलं की मुलांसाठी अजून शौचालयं बांधा. शाळेकडे पैसे नव्हते. तर तिथल्या कॅथलिक लोकांनी गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळाच बंद केल्या आणि शेकडो मुलांना सकाळी सरकारी शाळांच्या दारात नेऊन उभं केलं, घ्या आता, आम्हीही कर भरतो, शिकवा यांना. सरकारी शाळांत जागा कुठली एवढी, सगळी मुलं मावली नाहीत. आठवड्याभरात संप संपला पण मुद्दा देशभर पोचला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान मेन्झीसनी, जे स्वतः पक्के प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, विज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी सगळ्या शाळांना पैसा द्यायचं वचन देऊन निवडणूक जिंकली. १९८१ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की असा पैसा देण्याने कलम ११६ मोडत नाही. तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत. सरकारी शाळांचा मुख्य भार राज्यांवर आणि खाजगी शाळांचा केंद्रावर, आणि खाजगी म्हणजे बहुतेक कुठल्या ना कुठल्या चर्चच्याच.

जे गरीब मजुरांच्या मुलांच्या शौचालयावरून सुरू झालं त्याचा फायदा आज ज्या शाळांत पोहण्याचा तलाव आणि नाट्यगृह आहे त्यांनाही मिळतो, याचं मला फार वाईट वाटतं. मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करायचो. आमचं केंद्र एका सरकारी शाळेत असायचं, पत्र्याच्या डिमाउंटेबल (उचलून हलवता येणाऱ्या) वर्गात, उन्हाने तापलेलं, छताला ओल आल्याचे पिवळे डाग, आणि खिडकीतून समोर दिसायचं रस्त्यापलीकडच्या शाळेचं हिरवंगार क्रिकेटचं मैदान, ज्यावर शनिवारी सकाळी पाण्याचे फवारे चाललेले. मतपत्रिकेवर कुठेही धर्म लिहिलेला नव्हता.

पण एक बाजू राहू नये. १९०७ मध्ये हिगिन्स न्यायाधीशांनी ठरवून दिलं की मजुरी मालकाच्या नफ्यावर ठरवायची नाही, माणसाला, त्याच्या बायकोला आणि मुलांना माणसासारखं जगता येईल एवढी हवी, दिवसाला ७ शिलिंग. तो हार्वेस्टर निवाडा. (बायकांची मजुरी त्यात धरलीच नव्हती, हेही खरं.) त्यामागे १८९१ च्या पोप लिओ तेराव्यांच्या कामगारांबद्दलच्या पत्राची छाया आहे असं बरेच जण मानतात. म्हणजे ज्या किमान वेतनाचा आपल्याला इथे आल्यावर अचंबा वाटतो त्याच्या मुळातही धर्माचा एक धागा आहे.

पिल्बारा_फेरी (पर्थ)

जुनी ट्राम काका, छान लिहिलंत, पण शाळांबद्दल मला पटत नाही. माझी दोन्ही मुलं कॅथलिक शाळेत आहेत, आम्ही कॅथलिक नाही. फी परवडते, शिस्त आहे, शिक्षक फोन उचलतात. तिथे निम्मी मुलं फिलिपिनो, केरळी, सुदानी, कोणाच्या घरी तलाव नाही. पालकांचं उत्पन्न बघूनच केंद्राचा पैसा ठरतो. सगळ्या चर्चच्या शाळा एकाच मापाने मोजू नका एवढंच म्हणणं आहे. आणि उद्या या सगळ्या शाळांनी गोलबर्नसारखी दारं लावली तर सरकारी शाळा घेणार आहेत का एवढी मुलं?

खाणींबद्दलही बोलतो, कारण मी बारा वर्षं तिथे काम केलंय, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. देशाची तिजोरी तिथून भरते आणि पूर्वेकडचे लोक खाणवाल्यांना शिव्या घालतात हे आम्हाला लागतं. २०१० मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी खाणींच्या जास्तीच्या नफ्यावर कर आणायचं ठरवलं, कंपन्यांनी जाहिरातींचा भडिमार केला, काही आठवड्यांत रड यांचं पंतप्रधानपद गेलं (तेवढ्यानेच गेलं असं नाही), नंतर एक मऊ केलेला कर २०१२ मध्ये आला आणि २०१४ मध्ये रद्द झाला. तेव्हा मी त्या कराच्या विरोधात होतो. आमच्या कॅम्पमध्ये सगळेच होते, नोकऱ्या जातील असं सांगितलं होतं. आज तसं वाटत नाही. जमिनीतलं एकदाच निघतं.

आणि एक गोष्ट मनात आहे ती इथे लिहितो. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने पिल्बारातल्या जूकन गॉर्ज नावाच्या घळीतल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. ४६००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वस्तीच्या खुणा होत्या तिथे. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांची ती पवित्र जागा. आणि हे सगळं तेव्हाच्या राज्याच्या कायद्यात बसत होतं, परवानगी होती! बातमी आली तेव्हा मी कामावर होतो. आमच्या टीममध्ये एक आदिवासी म्हातारबा होते, खनिज वाहणारा हॉल ट्रक चालवायचे, ते त्या दिवशी जेवायला मेसमध्ये आले नाहीत. मी ताट घेऊन गेलो तर ट्रकच्या सावलीत बसले होते, टोपी मांडीवर. ताट घेतलं, काही बोलले नाहीत. आपण इथे धर्माचं राजकारण म्हणताना फक्त चर्चचं बोलतोय. एखादं जुनं चर्च लोखंडासाठी उडवायला कोणी परवानगी दिली असती का? श्रीमंती, विषमता आणि धर्म हे तिन्ही एका ठिकाणी बघायचं असेल तर ती गॉर्ज बघा.

दुसरी_पाळी (ॲडलेड)

पिल्बारा_फेरी, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

मी इस्पितळात सोशल वर्कर आहे. नेपियनकाठ, तुमच्या पहिल्या मित्राचं 'आळशी' हे जे आहे ना त्याबद्दल मला बोलायचंय, कारण हा शब्द इथे नुसता बार्बेक्यूपुरता राहत नाही, त्याची धोरणं होतात.

स्कॉट मॉरिसन हे पेंटेकोस्टल या ख्रिश्चन पंथाचे पहिले पंतप्रधान. २०१९ ला जिंकल्यावर म्हणाले की माझा चमत्कारांवर नेहमीच विश्वास होता. श्रद्धा त्यांची, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण त्यांचं आवडतं वाक्य होतं की जो धडपडेल त्याला मिळेल. ऐकायला चांगलं वाटतं, पण उलटं करून बघा, ज्याला मिळालं नाही तो धडपडलाच नाही असा अर्थ निघतो. आणि रोबोडेट ही भत्तावसुलीची योजना आठवा. ती योजना २०१५ मध्ये मंत्रिमंडळापुढे आली तेव्हा समाजकल्याण खातं मॉरिसन यांच्याकडेच होतं. वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांमध्ये सरासरी काढायची आणि त्यावरून तुम्ही जास्त भत्ता घेतला, परत करा, अशी पत्रं धाडायची. ज्याला कधी काम मिळतं कधी नाही त्याचं उत्पन्न सरासरीत कसं बसणार? चार लाखांहून जास्त लोकांवर खोटं कर्ज लागलं. काही घरांत मुलं गेली, त्यांच्या आयांनी रॉयल कमिशनपुढे, म्हणजे चौकशी आयोगापुढे, साक्ष दिली. जुलै २०२३ च्या अहवालात कमिशनर होम्स यांनी त्या योजनेला क्रूर म्हटलं, ना न्यायाची ना कायद्याची.

पण म्हणून धर्माला दोष देऊन मोकळं होऊ नका. त्याच काळात बेकार भत्ता वाढवा म्हणून वर्षानुवर्षं ओरडत होत्या त्यांत चर्चच्याच संस्था होत्या, सॅल्व्हेशन आर्मी, सेंट व्हिन्सेंट डी पॉल, अँग्लिकेअर. तेच बायबल. एकाने त्यातून कष्टाचं फळ काढलं, दुसऱ्याने भुकेल्याला घास. केविन रडही चर्चला जाणारेच, आणि ज्युलिया गिलार्ड देव मानत नाही असं उघड सांगून पंतप्रधान झाल्या, लोकांनी ते चालवून घेतलं. मला हे या देशाचं मोठेपण वाटतं.

आणि रांग चर्च का सांभाळतं? कारण सरकारने ते काम हळूहळू त्यांच्याकडे ढकललं. १९९८ मध्ये बेकारांना नोकरी शोधून द्यायचं सरकारी काम कंत्राटाने बाहेर दिलं, त्यात चर्चच्या संस्था मोठ्या होत्या. आता सरकारवर टीका करायची तर त्याच सरकारच्या पैशावर संस्था चालते. माझ्या ओळखीतले तिथले लोक या कात्रीत सापडलेले मी बघितलेत.

अजून एक. मतांचं गणित आपल्याला वाटतं तसं नाहीये. २०१७ च्या समलिंगी विवाहाच्या टपाली मतदानात देशाने ६१.६ टक्के 'हो' म्हटलं. 'नाही' म्हणणारे १७ मतदारसंघ होते, त्यातले १२ पश्चिम सिडनीत, ब्लॅक्सलंडमध्ये तर ७३.९ टक्के 'नाही'. आणि हे बहुतेक लेबरचे, मजुरांचे, स्थलांतरितांचे मतदारसंघ. तिकडे समुद्राकाठच्या श्रीमंत वेंटवर्थमध्ये ८० टक्क्यांच्या वर 'हो'. म्हणजे देव आज गरीब वस्तीत जास्त राहतो. म्हणून धर्माला हसणारे शहरी लोक जेव्हा गरिबांबद्दल बोलतात तेव्हा मला काळजी वाटते, ज्यांच्याबद्दल बोलताय ते लोक रविवारी, शुक्रवारी कुठे असतात हे तरी माहीत करून घ्या. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये धार्मिक भेदभावाचं विधेयक आलं तेव्हा मॉरिसन यांच्याच पक्षाच्या पाच खासदारांनी ट्रान्स मुलांना शाळेतून काढता येऊ नये म्हणून रात्री उशिरा सरकारच्या विरोधात मत दिलं, विधेयक बारगळलं. त्यामुळे आपल्या देवळांना, गुरुद्वारांना, मशिदींना जे संरक्षण मिळायचं होतं तेही राहिलं. मुलांना वाचवायला हवंच होतं. पण हिजाब घालणाऱ्या मुलीचं काय, हेही कोणीतरी विचारायला हवं होतं.

शेवटी कामाचं. त्या बाईंना पर्मनंट रेसिडेन्सी नवीन असेल तर बेकार भत्त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं. पण मुलं असतील आणि फॅमिली टॅक्स बेनिफिट (मुलांसाठीची सरकारी मदत) मिळत असेल तर त्याबरोबर भाड्याची मदत मिळू शकते, नोकरी असली तरी. बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं, विचारून बघा.

नेपियनकाठ (सिडनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड, ते करांचं गणित मी नवऱ्याला वाचून दाखवलं, आम्हीही दुसऱ्या घराचा विचार करत होतो, त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. अजून चालू आहे.

दुसरी पाळी ताई, ब्लॅक्सलंड आमच्यापासून लांब नाही, आणि तुम्ही म्हणता ते मी रोज बघते. आमच्या हॉलमध्ये पिशव्या भरायला येणाऱ्यांत एक लेबनीज मुस्लिम आजोबा आहेत, एक टोंगन बाई आहेत, दोघंही त्या चर्चचे नाहीत.

काल गुरुवार होता. त्या बाई आल्या होत्या, स्वेटर होताच. मी रांगेत काही विचारलं नाही, सगळ्यांसमोर बरं दिसलं नसतं. पिशवी गाडीपर्यंत न्यायला मदत केली आणि तिथे विचारलं, मुलं आहेत का. दोन आहेत, सात आणि चार. भाड्याच्या मदतीचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मग त्यांच्या गाडीतच फोनवर फॉर्म उघडला, मागच्या सीटवर धाकटा झोपलेला होता म्हणून आम्ही हळू आवाजात बोलत होतो. भाडेकराराचा फोटो लागतो, तो घरी होता. पुढच्या गुरुवारी घेऊन येते म्हणाल्या.

ताई, त्या फॉर्ममध्ये घरमालकाची माहिती भरावी लागते का, आणि घरमालकाला ते कळतं का? त्यांना त्याचीच भीती वाटत होती. कोणाला नक्की माहीत असेल तर बुधवारच्या आत सांगा.